हुरड्याच्या रंगाची बरणी

सुमती पोतनीस कोणतंही भांडं हातात घेतलं की आधी त्याला बोटाच्या पेराने टिचकी मारायची. दुकानातलं असो की कोणाच्या घरचा चहाचा कप. खणखणीत वाजलं तर तिचा चेहरा खुलायचा. बद्द वाजलं तर यजमानीण दुखावू नये म्हणून काही न बोलता ते हळूच खाली ठेवायची. मला तिने शाळेतच वाजवून घेतलं असावं, कारण पुढे तीस वर्षं तिने माझी मैत्री सोडली नाही. मी कशी वाजले, ते आज सांगते.

ती मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. लग्न केलं नाही. मुंबईच्या कलाशाळेत दोन वर्षं मातीकाम शिकून आली आणि सहासष्ट साली वडिलांनी घेऊन ठेवलेल्या प्रताप नगरच्या प्लॉटवर तिने दोन खोल्या बांधल्या. तेव्हा तिकडे घरं कमी आणि बोरी-बाभळी जास्त. मागच्या खोलीत पायाने फिरवायचं चाक, अंगणात स्वतः रचलेली विटांची भट्टी. माठ-कुंड्या ती करत नसे. लोणच्याची बरणी असते तशी, तेल न झिरपणारी, दगडासारखी टणक भांडी करायची. चाकावर मातीचा गोळा मधोमध बसला की ती तानपुरा जुळल्यावर गवई डोळे मिटतो तशी डोळे मिटायची. भोवताली नाटक चाललं असलं तरी तिला पत्ता नसे. आणि मी हौशी नटी, माझ्याभोवती तर नेहमीच नाटक चालायचं.

आमची भांडणंही व्हायची. एकदा आमच्या नाटकासाठी पुठ्ठ्याची समई रंगवताना तिने मला पाहिलं आणि नाक मुरडलं. मी म्हटलं, "अगं, लांबून कोणाला दिसतंय!" त्यावर ती म्हणाली की तुमचं बरं आहे, माझं भांडं लोकांच्या हातात जातं.

तिचा जीव अडकला होता एका रंगात. एकोणसत्तर साली एका छोट्या वाडग्यावर तो चुकून उतरला. कोवळ्या हुरड्याच्या दाण्याचा असतो तसा हिरवा, आणि काठाशी जिथे झिलई दाटली तिथे निळसर. झिलई म्हणजे राख, माती आणि दगडाची पूड पाण्यात कालवून केलेलं पातळ सारण. एकदा भाजलेलं भांडं त्यात बुडवून पुन्हा भट्टीत लावलं की त्याची काच होते. त्या वाडग्याची राख पारशिवनीजवळच्या खेड्यातून आली होती. तिथे पोतनिसांची थोडी शेती होती आणि ती भागीरथाबाईच्या घरचे लोक कसत. भागीरथाबाईच्या चुलीत पऱ्हाटीशिवाय, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांशिवाय, दुसरं काही जळत नसे.

पोतं घेऊन सुमती राख मागायला गेली तेव्हा मी बरोबर होते. भागीरथाबाईने आधी विचारलं, राख काहून पाहिजे. सुमतीने जमेल तसं समजावलं. म्हातारी हसून लोळायची बाकी राहिली.

"आम्ही राखेनं भांडे घासतो वं बाई, अन् तू भांड्यालेच राख लावून राहिली!"

पण पुढे दर वर्षी ती सुमतीसाठी राख चाळून वेगळी ठेवू लागली. सुमतीने दुसऱ्या गावची राख लावून पाहिली, दुसऱ्या शेतातल्या पऱ्हाटीची लावून पाहिली. सगळं शेणकट तपकिरी निघायचं. भागीरथाबाईच्या राखेनेही रंग कधी काठावर यायचा, कधी नुसता बुडाशी. प्रमाण, आच, हवा, सगळं ती वहीत टिपत गेली. पंच्याहत्तरच्या दिवाळीत भागीरथाबाई गेली. सुनेच्या चुलीत तुराट्या, बाभूळ, हाताला येईल ते जाऊ लागलं. उरलं ते शेवटचं एक पोतं.

ते सुमतीने दोन वर्षं जपलं. अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत, आता प्रमाण सापडलं असं तिला वाटलं तेव्हा, पोतं रिकामं करून तिने तेवीस भांडी एकाच वेळी भट्टीत लावली. त्यात माझ्यासाठी एक बरणी होती. राज्य नाट्य स्पर्धेत आमचं नाटक होतं. दुसऱ्या अंकात मी बरणी उराशी धरून दहा मिनिटं बोलते. पुठ्ठ्याच्या बरणीला इतकं जवळ घेऊन कसं बोलशील, असं म्हणून तिने ती आपणहून केली होती.

भट्टी बुधवारी सकाळी विझली. थंड व्हायला तीन दिवस लागतात, शनिवारी उघडू, असं ती म्हणाली. आमचा प्रयोग शुक्रवारी संध्याकाळी. ती म्हणाली, यावेळी पुठ्ठ्याची घे, बरणी तुझीच आहे. मी हो म्हटलं. पण नटाच्या रक्तात तिसरी घंटा असते. ती झाली की पडदा वर जायलाच हवा, मग घर जळत असो. भट्टीला घंटा नसते, हे मला कधी कळलंच नाही.

गुरुवारी दुपारी ती शाळेत असताना मी तिच्या अंगणात गेले. नुसतं बघायचं, बरणी हाताला लागली तर घ्यायची, एवढाच विचार. हाताला गोणपाट गुंडाळलं आणि भट्टीच्या तोंडाच्या वरच्या दोन विटा काढल्या.

आत हुरडा पिकला होता. तेवीसच्या तेवीस भांड्यांवर, बुडापासून काठापर्यंत तोच रंग. बाहेर थंड वारा सुटला होता, आतून चेहऱ्यावर धग येत होती. बरणीला हात लावणं शक्यच नव्हतं, पण मला तिथून हलवेना. थोड्या वेळाने आतून आवाज येऊ लागला. टिण्. मग दोनदा टिण्, टिण्. लहान घुंगरं वाजावीत तसा. मला वाटलं, भांडी गाताहेत. मी, मूर्ख बाई, त्यांच्यापुढे वाकून नमस्कार केला, जसा टाळ्या पडल्यावर करतात.

पाचच्या सुमारास सुमतीची सायकल फाटकाशी आली. तिने आवाज तिथूनच ऐकला असावा, कारण सायकल स्टँडवर न लावता तिने तशीच सोडून दिली. दोन्ही विटा उचलून जागेवर बसवल्या, फटींना ओली माती लावली आणि ओट्यावर येऊन बसली. मी तिला सांगितलं, रंग आलाय गं, सगळ्यांवर आलाय, आणि किती गोड वाजताहेत.

"शामे, ती वाजत नाहीत," ती म्हणाली. "तडकून राहिलीत."

मग आम्ही दोघी अंधार पडेपर्यंत ते ऐकत बसलो. ती मला जा म्हणाली नाही.

शुक्रवारी मी रंगपटात तोंडाला रंग लावत असताना ती आली. हातात जुन्या साडीत गुंडाळलेली बरणी. भट्टी तिने त्याच दिवशी दुपारी उघडली होती. वाट पाहण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. तेवीसपैकी एकही भांडं अखंड निघालं नव्हतं. त्यातल्या त्यात बरणी एका तुकड्यात होती, तोंडापासून पोटापर्यंत केसाएवढी चीर होती. ती माझ्या हातात देत ती म्हणाली, "लांबून दिसणार नाही."

टोमणा होता का, हे कळावं म्हणून मी ते वाक्य हजारदा वाजवून पाहिलं. नव्हता. माझा प्रयोग चांगला व्हावा, एवढंच तिच्या मनात होतं. त्या वर्षी अभिनयाचं रौप्यपदक मला मिळालं. ती दहा मिनिटं मी खरंच रडले होते आणि ते कोणाला कळलं नाही.

आठ दिवसांनी संक्रांतीला तिळगूळ घेऊन मी तिच्याकडे गेले, माफी मागायला. पण माझी जन्माची सवय. आवाज भरून आला, हात जोडले गेले, डोळ्यांतून नेमक्या शब्दाला पाणी आलं. सुमती माझ्याकडे बघत राहिली आणि हसून म्हणाली, "कोणत्या अंकातलं गं हे?" मी पण हसले. तिथेच थांबून साध्या आवाजात एक वाक्य बोलायला हवं होतं. विटा काढल्या त्याहून मला ते हसणं जास्त टोचतं.

तिने पुन्हा भट्टी पेटवली नाही. चाक मात्र रोज फिरवायची. वाडगा चढवायची, मान वळवून चारी बाजूंनी बघायची आणि ओला असतानाच मोडून माती पाण्याच्या टाकीत टाकायची. कधी विचारलं तर म्हणायची, हात विसरू नयेत म्हणून. शहाऐंशी साली ती गेली, तेव्हा त्या टाकीत माती भिजलेलीच होती.

बरणी माझ्याकडे आहे. लोणचं घातलं तर तेल पाझरतं, म्हणून रिकामीच असते. घरी येणारे रंगाचं कौतुक करतात आणि मी पदकाची गोष्ट सांगते. ते गेले की बोटाच्या पेराने तिला टिचकी मारते. बद्द वाजते.