गोपाळकृष्ण मास्तरचा गप्प बसायचा धडा

मूर्तिजापूरच्या पोरींच्या शाळेत गोपाळकृष्ण मास्तर आमाले इंग्रजी शिकवत. माणूस विद्वान, खोटं काहून बोलू? हातात कधी छडी नाई. वर्गात कोणी बडबड केली का तिले फळ्यापाशी उभी करत अन् गप्प राहण्यावरचा एक इंग्रजी वाक्प्रचार अर्थासकट सांगायले लावत. 'होल्ड युअर टंग' म्हणजे जीभ आवर. 'कीप मम' म्हणजे तोंडातून ब्र काढू नको. मांजर पोत्याबाहेर सोडलं म्हणजे गुपित फोडलं. वर्गात सगळ्यात बडबडी मीच, म्हणून मले अकरा पाठ झाले होते. बाप्पा, गोऱ्या सायबाले गप्प बसायले इतके शब्द कायले लागत असतील!

मी जयवंता, किसनराव माळ्याची पोरगी. गावाबाहेर आमचा फुलांचा मळा. छत्तीस साली मी मिडलच्या शेवटच्या वर्गात होती. शाळा तपासणारे इन्स्पेक्टर साहेब वर्गात प्रश्न विचारून एक पोरगी निवडणार होते, तिले अमरावतीले राहून मॅट्रिकपर्यंत शिकायले स्कॉलरशिप. बापानं सांगूनच ठेवलं होतं, "भेटली तं जा. नाई तं दिवाळीनंतर तुहं लगन."

साहेब यायच्या आदल्या दिवशी मास्तरनं मले एकटीले थांबवलं. "जयवंता, उद्या हात वर करू नकोस. तुझं नाव मी आधीच वर कळवलं आहे. तू नुसती गप्प बस."

मी मानलं. मास्तरवर माहा लय भरोसा.

साहेबानं नेमके तेच वाक्प्रचार विचारले! प्रमोदिनी उठली, केशवराव वकिलाची पोरगी. केशवराव शाळेच्या कमिटीवर होते. तिनं अडखळत दोन सांगितले. माह्या तोंडात अकरा, अन् मी दातांखाली जीभ धरून बसलेली. मास्तर खिडकीबाहेर पाहत होते.

पंधरा दिवसांनी मास्तर मळ्यात आले. मले वाटलं, माहीच बातमी आणली. ते बापाले म्हणाले, "किसनराव, उद्या सकाळी गुलाबाचा एक मोठा हार हवा. प्रमोदिनीला स्कॉलरशिप मिळाली, तिचा सत्कार आहे."

मी तिथंच गजरे गुंफून राहिली होती. सुई खचकन बोटात गेली.

"अन् माहं नाव?"

मास्तरनं हातातली छत्री खाली ठेवली.

"तुमी कळवलं होतं ना?"

"बाळ, कमिटीपुढे माझं काय चालतं? नोकरी आहे, चार लेकरं आहेत."

"मंग मले काहून गप्प बसवलं? बोलून हरली असती तं चाललं असतं मले!" माह्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी ओरडली, रडली, गजरे फेकले. वाटलं, आता बाप थोबाडीत देते.

बाप उठला. समोर टोपलंभर गुलाब होते. मास्तरकडं पाहून म्हणाला, "मास्तर, आमच्याकडं फुलं नाईत."

मास्तरनं टोपल्याकडं पाहिलं, छत्री उचलली. फाटकापाशी थांबून हळूच म्हणाले, "किसनराव, हे बाहेर कुठे बोलू नका."

बापानं कोणाले सांगितलं नाई. दिवाळीनंतर माहं लगन झालं, मी अकोल्याले आली. पुस्तक मंग हातात आलंच नाई. परवा मास्तर वारले. पेपरात फोटो आला, खाली लिहिलं होतं, आदर्श शिक्षक. लेक म्हणते, "आता जाऊ दे ना वो माय." काहून जाऊ देऊ? गेलं ते माहं गेलं, त्याचं काय गेलं? आता नाव घेऊन सांगून राहिली. मले अकरा येत होते, अन् गोपाळकृष्ण मास्तरले ते माहीत होतं.