चिठ्ठी न आणलेला चालक

एसटीच्या आगारात चालकांच्या ड्युट्या लावायचं काम मी आयुष्यभर केलं. नांदेडची फेरी कुणाला, औशाची कुणाला, यावरून शिव्या खाल्ल्या आणि पचवल्या. पण करोनात वरून आदेश आला: मुंबईतल्या शहर बससाठी आठ धडधाकट चालक पाठवा.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांचा ढीग लागला. कालपर्यंत पैलवानकी मिरवणारे गडी एका रात्रीत शुगर आणि बीपीचे रोगी झाले होते. सगळं खोटं होतं, पण डॉक्टरच्या सहीला खोटं म्हणणारा मी कोण? ज्यांची कुठं ओळख नव्हती असे सातजण कसेबसे मिळाले.

आठवा आपणहून आला. निवृत्तीला दीड वर्ष उरलेला, माझ्याच वयाचा.

"माझं नाव लावा, साहेब."

या माणसाला मात्र खरंच शुगर होती. कागदावर आली तर स्टेअरिंग जाईल, या भीतीनं त्यानं ती वर्षानुवर्षं लपवली. कँटीनचा बिनसाखरेचा चहा आणि गोळी तो माझ्यासमोरच घ्यायचा. तपासणीच्या दिवशी त्याला सुट्टी लावणारा मीच.

"झेपंल का?" मी विचारलं.

"न जाऊन काय करू? चिठ्ठी आणावी तर माझी खरी निघंल. मग गाडी कोण देतंय मला?"

तो हसला, मीही हसलो. सुंठेवाचून खोकला गेला, असंच मला तेव्हा वाटलं. मी नाव लिहून टाकलं.

तो तिकडेच आजारी पडला आणि तिकडेच गेला. घरच्यांना तोंडही बघायला मिळालं नाही. चिठ्ठ्यावाले आजही कँटीनमध्ये चहात साखर जास्त टाकायला सांगतात. मला संताप येतो, पण त्यांना बोलायला मला तोंड उरलेलं नाही.

महिन्याभरानं त्याची बायको आगारात आली. माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

"साहेब, तुमाला त्यांची शुगर ठाव होती ना? ते लई सांगायचे, आमच्या साहेबाला समदं ठाव हाय म्हणून."

शेजारी कारकून माना वर करून ऐकत होते. मी सेवापुस्तक उघडून तिच्यापुढं सरकवलं.

"वहिनी, यात तसं काही लिहिलेलं नाही."

तिनं पानाकडं पाहिलंच नाही, माझ्याकडंच पाहत राहिली. मग डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मग ते दुसरे कुणी साहेब आसतील," ती म्हणाली आणि निघाली.