पिवळ्या ब्लाउजची जुनी भोकं
लेकीला कॉलेजात साडी नेसून जायचंय म्हणून माझा पिवळा ब्लाउज उलटा करून पाहिला, तर शिवणीशेजारी जुन्या टाक्यांच्या भोकांची रांग दिसली आणि मुरुडच्या शिंपीण मावशींची पडवी आठवली. मुंबईला जाऊन छातीत बसवून घेतलेली सिलिकॉनची रोपणं काढून तेव्हा महिना झाला होता. का काढलीस, या प्रश्नाला मी वैतागले होते. नवऱ्याला सांगितलं, डावीकडचं कडक होऊन दुखतंय. आईला सांगितलं, डॉक्टरच काढा म्हणाले. दोन्ही खरं होतं, तरी पुरं नव्हतं. सैल झालेले सहा ब्लाउज घेऊन मी मावशींकडे गेले. काही वर्षांपूर्वी त्यांनीच ते उसवून मोठे केले होते. अंगणात सोललेल्या कोळंबीचे सोडे वाळत होते, त्यांचा खारट वास पडवीभर पसरला होता. त्यांनी टेप छातीभोवती धरली आणि त्या थांबल्या. आता विचारणार, म्हणून मी उत्तर जुळवू लागले. "ताई, आज श्वास रोखून न्हाय धरलात," त्या म्हणाल्या. "मागं दर टायमाला धरायच्या. माझं माप चुकायचं." माझे डोळे भरून आले. लहानगी लेक धावत येऊन बिलगली, तरी मी तसाच श्वास धरायचे, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मावशींना सांगितलं. त्यांनी ब्लाउज मोठे करण्याआधीच्या जुन्या भोकांवरूनच टीप मारली. आज लेकीला तो ब्लाउज घातला. हुक लावताना तिनं आरशात पाहत श्वास आत ओढून धरला. "सोड आधी," मी म्हणाले, "मग माप घेऊ."