पडद्यावरचा तांबूस डाग

डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढणाऱ्या मशीनवर मी बसते. पेशंटची हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं, उंची जुळवायची, हिरव्या दिव्याकडे बघायला सांगायचं, की फोटो! पण कोल्हापुरात कुठलंच काम मुकाट्यानं होत नाही. त्यामुळे आमच्या दवाखान्यात फोटोंपेक्षा किस्सेच जास्त जमतात.

*

कुरुंदवाडच्या एका आजोबांना म्हटलं, "कपाळ टेकवा." त्यांनी टेकवलं, हात जोडले आणि डोळे मिटले!

"आजोबा, डोळे उघडा की!"

"थांब गं, टेकलंय तवर मागून घेतो."

फोटो झाल्यावर विचारलं, काय मागितलंत? म्हणाले, "तुझं मशीन नीट चालू दे म्हणलं!"

*

मुरगूडच्या एक वहिनी पावडर लावून, नवी साडी नेसून आल्या. फोटो म्हणजे फोटो! स्क्रीनवर केशरी गोळा आणि लाल शिरा बघून म्हणाल्या, "ह्यात मी कुठं हाय?"

"हा तुमच्या डोळ्याचा पडदा, वहिनी."

"मग एवढं नटलो कशाला मी!"

*

आणि शौकतभाई. गडमुडशिंगीचे, स्कूलबसचे ड्रायव्हर. साखर वाढलेली. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, पडद्यावर रक्त उतरलं असेल तर गाडी बंद.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला नंबर त्यांचाच. मी उजव्या डोळ्याचा फोटो काढला. मधोमध तांबूस डाग!

शौकतभाईंनीही तो पाहिला. "ताई, संपलं म्हणा की. दोन पोरींची शिक्षणं ह्या स्टेअरिंगवर हायत."

डाव्या डोळ्याचा फोटो काढला. त्याच जागी, तसाच डाग! आता मात्र मला शंका आली. झाडू मारणाऱ्या आमच्या मालनमावशींना धरून खुर्चीत बसवलं. त्यांच्याही डोळ्यात तोच डाग!

"अगं बाई, मला तर साखर बी न्हाय!" मावशी किंचाळल्या.

मी वाकून लेन्सकडे पाहिलं. काचेवर कुंकवाचं बोट!

"मावशी, खंडेनवमीची पूजा तुम्ही केली ना? टोपण काढून कुंकू लावलंत?"

"मग? पूजा मशीनची करायची का टोपणाची?"

लेन्स पुसली आणि शौकतभाईंना परत बसवलं. दोन्ही पडदे स्वच्छ! डॉक्टर म्हणाले, "साखर सांभाळा आणि खुशाल चालवा गाडी." शौकतभाई खुर्चीतच डोळे पुसत बसले. मलाही इतकं हलकं वाटलं, की मावशींना रागवायचं राहूनच गेलं.

*

यंदा खंडेनवमीला दवाखान्याच्या दारात पिवळी स्कूलबस येऊन थांबली. झेंडूची माळ घातलेली. शौकतभाई पेढे घेऊन उतरले.

"मावशी, आमच्या गाडीला बी तुमच्याच हातनं कुंकू लावा."

मावशींना कोण आनंद! ताट घेऊन तरातरा निघाल्या, थेट बससमोर. त्यांचं बोट वर गेलं मात्र, शौकतभाई पेढ्यांच्या बॉक्ससकट त्यांच्याकडे धावले.

"मावशीऽऽ! काच सोडून!"