मेंढ्या घरी आल्यावर फोन करा

आक्का आपल्या मालाची खोड आधी सांगायच्या. सांगलीत बचत गटांचं प्रदर्शन भरलं होतं, तिथे मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. पापड-लोणच्यांच्या गर्दीत एका टेबलावर काळ्या घोंगड्यांची चळत होती आणि तिच्यामागे हिरवं लुगडं नेसलेली, साठीची, काटक बाई उभी होती. एका गिऱ्हाइकाने घोंगडीवरून हात फिरवत विचारलं, "मऊ आहे ना हो?"

"मऊ न्हाई, टोचती. पयले आठ दिस लय टोचती. दम धरायची तयारी आसंल तर न्या."

गिऱ्हाईक पुढच्या टेबलाकडे सरकलं. आक्कांना त्याचं काहीच वाटलं नाही. मला मात्र राहवेना. मी पुढे होऊन माझं कार्ड त्यांच्या हातात ठेवलं.

पुण्यातली नोकरी सोडून मी तेव्हा नुकताच परतलो होतो. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एका लेथच्या कारखान्यावरची खोली भाड्याने घेतली होती आणि 'छोट्या व्यवसायांसाठी वेबसाइट' अशी झोकदार पाटी लावली होती. पाटी वाचून लोक वर यायचे, पण ते झेरॉक्स मिळते का ते विचारायला. खरं गिऱ्हाईक म्हणून पहिल्या आल्या त्या आक्काच. वडूजच्या पलीकडच्या आपल्या गावाहून दोन एसट्या बदलून त्या आल्या होत्या. जिना चढून खुर्चीवर टेकल्या आणि लगेच उठून उभ्या राहिल्या.

"ही खोली कापती कशानं रं?"

"खाली लेथ चालू आहे, आक्का."

"बरं हाय. कोण तरी काम करतंय म्हणायचं."

मग त्यांनी येण्याचं कारण सांगितलं. त्यांच्या घरी पिढ्यानपिढ्या मेंढरं. पण आता कातरलेली लोकर कुणी विकत घेत नव्हतं. माणसं ती उकिरड्यावर टाकून मोकळी होत होती. गावात घोंगडी विणणारे एक तात्या उरले होते. तेही माग मोडून त्याची लाकडं सरपणाला काढायच्या गोष्टी बोलू लागले होते. "त्यो माग मला बंद पडू द्यायचा न्हाई," आक्का म्हणाल्या. "लोकं आता तुमच्या नेटवर बगून घेत्यात म्हणं. मग आमी बी तितं बसतो."

मी मन लावून मजकूर लिहिला आणि त्यांच्या पुढच्या फेरीत वाचून दाखवला. 'मऊ, मुलायम, राजेशाही ऊब' इथपर्यंत आलो आणि आक्का पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. हसू आवरल्यावर म्हणाल्या, "तू कवा निजलायस का घोंगडीवर?" मी नाही म्हणालो. त्यांनी खांद्यावरची घोंगडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. "आठ दिस नीज. मग लिही."

पहिल्या दिवसापासून माझी पाठ लालेलाल झाली. सहाव्या दिवशी मला सकाळी उठावंसं वाटेना, इतकी छान झोप लागली. मग मी सगळा मजकूर पुसला आणि जे झालं तेच लिहिलं.

फोटो काढायला मी आक्कांच्या गावी गेलो. एका घोंगडीचा काठ जरा भुरा दिसत होता, म्हणून मी ती बाजूला ठेवली, तर आक्कांनी तीच पुढे केली. "मेंढी भुरी व्हती, तर काठ भुराच व्हणार. दिसू दे की." फोन घेण्याची वेळ म्हणून मी 'दहा ते सहा' टाकलं होतं. त्यावर त्या म्हणाल्या, "दहा ते सहा मी रानात. आन् मेंढरं पिकात घुसल्यावर मी कुणाशी बोलू? तसंच लिही की, मेंढ्या घरी आल्यावर फोन करा." मी तसंच लिहिलं.

साइट सुरू झाली आणि दोन महिने एकही फोन आला नाही. मला आक्कांना तोंड दाखवायची लाज वाटायला लागली. मग कुणीतरी त्या फोनच्या ओळीचा फोटो काढून चार ठिकाणी पाठवला, आणि एका आठवड्यात तिसेक मागण्या आल्या! मी मोटारसायकल काढली आणि तडक आक्कांचं गाव गाठलं.

आक्का आनंदल्या, पण घटकाभरच. तात्यांना एका घोंगडीला तीन-चार दिवस लागत. मी तोडगा सुचवला, "गिरणीतल्या तयार मागवू. वर चिठ्ठी आपली लावू. कुणाला कळतंय?"

आक्का शांतपणे म्हणाल्या, "बंद कर तुजं दुकान."

मीही चिडलो. एवढ्या मेहनतीनं आलेली माणसं ही बाई घालवणार, असं पुटपुटत निघून आलो. तीन दिवस आम्ही बोललो नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला. "यादी वाचून दाव. मी एकेकाला इचारती."

पुढचे पाच दिवस, मेंढ्या घरी आल्या की आक्का फोन घेऊन ओट्यावर बसायच्या. "तुमचा नंबर सतरावा हाय. इणणारा एकच हाय, त्योबी म्हातारा. थांबता का?" तिसातल्या चौघांनी नाही म्हटलं. बाकीचे थांबले. एका गृहस्थांनी तर तात्यांना अजिबात घाई करू नका, असं बजावलं. मी काय समजायचं ते समजलो.

यादी ऐकून तात्यांनी मात्र हात टेकले. "येवढं माज्यानं व्हायचं न्हाई, आक्का."

"मग सुनंला बशीव मागावर."

"बायका लोकर कातत्यात. मागावर कवा बसल्यात?"

"आज बसत्यात," असं म्हणून आक्का स्वतःच मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसल्या. मी समोरच होतो. घटकाभरात त्यांनी दोऱ्यांचा असा काही गुंता केला की तात्यांना बघवेना. ते कळवळून ओरडले, "सुनीता, आगं ये बाई! बस तू, पर हिला आदी उठीव!" सुनीता हसत आली आणि मागावर बसली. चिंचोक्याची खळ लावण्यापासून सगळं ती तात्यांकडून शिकली. दिवाळीच्या आत पडवीत दुसऱ्या मागाचा खड्डा खणला गेला.

या साऱ्याला आता काही वर्षं झाली. माझ्याकडे बरीच गिऱ्हाइकं आली. कुणी 'जगात भारी' असं लिहायला सांगितलं की माझा हात अडखळतो. आधी तो माल वापरून बघतो. काही जण चिडून दुसरीकडे जातात. जाऊ देत.

मागच्या उन्हाळ्यात आक्का अचानक कुपवाडला आल्या. चहा झाला तरी मुद्द्यावर येईनात. बशी पुसून ठेवली, माझी, घरच्यांची चौकशी केली. शेवटी म्हणाल्या, "सुनीता शिकली बग समदं. फोटू टाकती, यादी करती. आता साइट आमीच बगतो." मग माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहत म्हणाल्या, "तुला वाईट वाटंल म्हणून फोनवर न्हाई सांगितलं. म्हटलं, जाऊन सांगावं."

वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण एवढ्यासाठी भर उन्हात ही बाई दोन एसट्या बदलून आली होती. मी म्हणालो, "म्हणजे आक्का, आता माझं तुमच्याकडे काही काम नाही."

"न्हाई," आक्का उठत म्हणाल्या. "आता जत्रंला ये, पावना म्हणून. आन् त्यो ल्यापटॉप आणलास, तर दारातनं आत घ्यायची न्हाई बग."