व्हॉल्वमनचा राजीनामा

मला शुद्धलेखनाचा रोग होता, तेव्हाची ही गोष्ट. ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. मराठी घेऊन नुकतीच एम.ए. झाले होते आणि भिवंडीच्या नगरपालिकेत आवक-जावक खिडकीला चिकटले होते. लोक अर्ज आणायचे, मी शिक्का मारायच्या आधी लाल पेनाने त्यांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारायची. एकदा एक गृहस्थ वैतागून म्हणाले, “बाई, आधी गटार साफ करा, वेलांटी नंतर करा.” मी त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू तेच गटार तुंबवून आले होते. साडेतीनशे कागदांच्या ढिगात शुद्ध मराठी जाणणारी मी एकटीच, असा माझा ठाम समज होता.

त्या खिडकीशी दर सोमवारी एक माणूस यायचा. निजामपुऱ्यातल्या काही गल्ल्यांना पाणी सोडणारा आमचा व्हॉल्वमन. खांद्यावर टी आकाराची लोखंडी चावी, पायजमा घोट्यापर्यंत भिजलेला. गल्लीखाली कुठला व्हॉल्व कुठे आहे, कुठला सुलटा फिरतो आणि कुठला उलटा, याचा नकाशा पालिकेत नव्हता. तो याच्या डोक्यात होता. आजे-पणजे यूपीतून येऊन इथे मागावर बसले होते. घरात उर्दू, बाहेर आपली भिवंडीची खिचडी. नोकरी तात्पुरती. सहा महिन्यांची ऑर्डर, मध्ये एक दिवस खंड, पुन्हा सहा महिने, अशी नऊ वर्षं झाली होती. त्याला कायम करण्याची फाईल जिन्यावरून वर-खाली करत होती. तो खिडकीत डोकं घालून विचारायचा, “मैडम, हमारा कायम आया?” जसं काही कायम हे गावाहून येणारं कार्ड होतं. मी म्हणायची, “अजून नाही.” तो म्हणायचा, “आएगा, आएगा,” आणि जायचा. सेवेत मोठा खंड पडला असता, तर ती नऊ वर्षं पाण्यात गेली असती, आणि हे त्यालाही माहीत होतं.

त्या वर्षी त्याचं एका गल्लीशी वाजलं. वरच्या अंगाच्या बायकांचं म्हणणं, हा आमचं पाणी पाच मिनिटं आधी बंद करतो. त्याचं म्हणणं, टाकीत प्रेशरच नाही, मी काय खिशातून सोडू? शब्दाने शब्द वाढला. कोणीतरी त्याची चावी लपवली. त्याने दोन दिवस पाणीच सोडलं नाही. मग गल्लीने त्याच्याविरुद्ध अर्ज दिला, त्याने गल्लीविरुद्ध दिला. दोन्ही मी आवक करून घेतले आणि दोन्हींतले अनुस्वार दुरुस्त केले.

आठवड्याभरात तो पुन्हा आला. अंगावर धुतलेला सदरा, हातात नानखटाईचा पुडा.

“मैडम, राजीनामा लिख दो. मराठी में. एकदम पक्का.”

मी हबकलेच. नऊ वर्षं ज्याची वाट पाहिली, तेच सोडायचं?

“नीट विचार केलाय ना?”

“बिल्कुल. चार बड़े लोग बैठे, चाय हुआ, फिर किया. अपनी मर्जी से है, कोई जबरदस्ती नहीं, ऐसा भी लिखना.”

“आणि घरी?”

“घर में सब खुश.”

आयुष्यभर पाणी सोडणाऱ्या माणसाने शेवटी नोकरीवरच पाणी सोडलं, असं माझ्या मनात आलं आणि डोळे भरून आले. मी कोरा कागद घेतला आणि आयुष्यातला सर्वांत निर्दोष अर्ज लिहिला. ‘मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावास बळी न पडता राजीनामा देत आहे. तरी तो मंजूर व्हावा, ही नम्र विनंती.’ देवनागरी त्याला अडखळत यायची. बोट ठेवून त्याने ‘रा-जी-ना-मा’ एवढं वाचलं, मान डोलावली, खाली उर्दूत सही केली. मी म्हटलं, “पुढे चांगलं होवो तुमचं.” तो म्हणाला, “सबका होवे, मैडम.” जाताना पुडा तिथेच ठेवून गेला. मी दोन नानखटाया खाल्ल्या, तेही हळहळत.

आमच्याकडे कागद चालत नसे, रांगत असे. एका चेंबरला झाकण बसवण्याचा अर्ज मी लागले तेव्हापासून एकाच टेबलावर होता. त्यावर चहाचे कप ठेवायची सोय झाली होती. पण या राजीनाम्याला पाय फुटले. चौथ्या दिवशी मंजूर. कारण त्या जागेवर कुणाचा तरी मेहुणा डोळा लावून बसला होता, आणि मेहुणा म्हटला की मुंगीसुद्धा धावते. पाचव्या दिवशी चावी मेहुण्याच्या खांद्यावर गेली.

सोमवारी व्हॉल्वमन आला, पण डोकं खिडकीत घातलं नाही. दारातून सरळ माझ्या टेबलाशी आला.

“मैडम, हाजिरी में मेरे नाम पे लाल लकीर कौन मारा?”

“अहो, तुम्हीच राजीनामा दिलात ना?”

“हां, दिया.”

“मग?”

“मग क्या? राजीनामा दिया तो झगड़ा खतम. नौकरी कायको खतम?”

 आमचे हेडक्लार्क पलीकडून उठून आले. ते इथलेच, जुन्या कोकणी मुसलमान घरातले. ऑफिसभर त्यांना चाचा म्हणत. त्यांनी माझा निर्दोष अर्ज वाचला आणि कपाळाला हात लावला.

“बाय, काय केलंस गो हे? ह्यांच्यात राजीनामा म्हंजे समझोता. भांडण करणारे दोघं राजी झाले, त्याचा कागद. कोर्टात रोज होतात असले राजीनामे.”

“पण चाचा, मराठीत राजीनामा म्हणजे...”

“राजीखुशी कुठल्या भाषेतली हाय? नाराज कुठल्या भाषेतला? राजी असल्याचा नामा तो राजीनामा. नोकरी सोडणारा माणूस कधी राजी असतो काय?”

 लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर आधी रागच आला, एम.ए.ला हे कोणी शिकवलं नाही म्हणून गुरुजनांचा, आणि मग फिरून स्वतःचाच. मी त्या माणसाची नऊ वर्षं माझ्या सुंदर अक्षरात बुडवली होती.

तोवर गल्लीत निराळाच गोंधळ चालू होता. मेहुण्याने उलट्या व्हॉल्वला सुलटं फिरवलं. वरच्या अंगाचं पाणी तीन दिवस सुताला खळ लावणाऱ्या एका सायझिंगच्या कारखान्याकडे वाहिलं, आणि बायकांच्या नळांना नुसती शिटी. चौथ्या दिवशी त्या रिकामे हंडे घेऊन पालिकेच्या पायऱ्यांवर येऊन बसल्या आणि बडवू लागल्या. ज्याची चावी लपवली होती, त्याच्याच नावाने आता गळा काढत होत्या.

उपाय सोपा होता. चाचांनी कागद पुढे केला : राजीनामा मागे घेण्याचा अर्ज. मी व्हॉल्वमनला समजावलं, “एक ओळ लिहायची. मी राजीनामा परत घेतो. झालं.”

तो दोन पावलं मागे सरकला. “राजीनामा वापस? नहीं मैडम. चार लोगों के सामने जबान दिया है. मोहल्ला बोलेगा, पलट गया. हम पलटनेवाला आदमी नहीं.”

“अहो, हा तो राजीनामा नाही!”

“नाम तो वही है ना? नीचे हमारा दस्तखत है. नौकरी जाए तो जाए. राजीनामा नहीं जाएगा.”

अर्धा तास मी त्याच्यापुढे डोकं फोडलं. मुलाबाळांची शपथ घातली. तो ढिम्म. पण दाराकडेही जाईना. शेवटी चाचा म्हणाले, “तो मागं येणार न्हाय. आता तुलाच पुढं जायला लागेल.”

मी खुलासा लिहायला बसले. चाचांचा सल्ला होता, ‘नजरचूक’ लिही. आमच्या दप्तरात त्या एका शब्दाने सात पिढ्यांची पापं धुतली जात. पण नजर चुकलीच नव्हती. मी चांगलं डोळे उघडे ठेवून, घोटून घोटून लिहिलं होतं. म्हणून लिहिलं, ‘अर्जदाराने समझोता या अर्थाने शब्द वापरला. मला तो अर्थ ठाऊक नव्हता.’ एवढ्या दोन ओळींना जितका वेळ लागला, तितका प्रबंधालाही लागला नव्हता.

मुख्याधिकारी साहेब नवे होते, बाहेरून आलेले. खिडकीखाली हंडे दणदणत होते. त्यांनी खुलासा वाचला आणि चष्मा काढला.

“त्या माणसाला मराठी येत नाही, म्हणून एवढी भानगड?”

“त्याला येतं, साहेब. मलाच येत नव्हतं.”

 मी ‘सर्व्हिस बुकात शेरा’ या शब्दांची वाट पाहत उभी होते. खाली एक हंडा जिन्यावरून गडगडत गेला. साहेबांनी घाईने पेन उचललं आणि राजीनाम्याच्या समासात लिहिलं, ‘समझोत्याचा कागद. राजीनामा आहे तसा दप्तरी दाखल. कर्मचारी कायम.’

तो कागद घेऊन मी पळतच आस्थापनेच्या टेबलावर गेले. तिथल्या भाऊसाहेबांनी शेरा दोनदा वाचला. कपाट उघडून, धूळ झटकून, ती जिन्यावर वर-खाली करणारी फाईल काढली.

“कर्मचारी कायम,” ते पुटपुटले. “नऊ वर्षं अडकलं होतं, साहेबांनी एका फटक्यात केलं की! नवीन माणूस आहे, पण कामाचा.” मग जरा शंका येऊन त्यांनी मान वर केली. “कायम म्हणजे कायमच ना, बाई? तुम्ही मराठीच्या एम.ए.”

साहेबांना ‘पूर्वीप्रमाणे कामावर’ एवढंच म्हणायचं होतं, हे मला लख्ख कळत होतं. या खेपेला मला दोन्ही अर्थ ठाऊक होते.

“कायम म्हणजे कायम,” मी म्हटलं. “दुसरा अर्थच नाही.”

संध्याकाळपर्यंत ऑर्डर टाईप झाली. साहेबांनी हंड्यांच्या आवाजात ती न वाचताच सही केली. जाणूनबुजून सांगितलेलं माझं ते पहिलं चुकीचं मराठी, आणि त्याची मला आजवर लाज वाटलेली नाही.