नळाची वाट बघणारा कॉम्प्युटर

आमच्या साडूंइतका कॉम्प्युटरचा मान राखणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच तर त्याच्या बायकोबद्दल मला आत्तापासूनच सहानुभूती आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी कॉम्प्युटरच्या खोलीत शिरताना ते अजून बाहेर चपला काढतात आणि दुसऱ्यालाही काढायला लावतात. खोली म्हणजे जिन्याखालचा कोनाडा. त्यात दोन माणसं बसली की तिसऱ्याने श्वास बाहेर जाऊन घ्यायचा. कॉम्प्युटर म्हणजे काडेपेटीहून थोडी मोठी हिरवी पट्टी, साबणाच्या डबीत ठेवलेली. मी एकदा म्हटलं, "साडूभाऊ, एवढ्याशा डबीची कसली पूजा मांडलीय?" तर ते खवळले. "पूजाबिजा आपल्या घरात चालत न्हाई, तुमाला मालूम हाय. श्रद्धा न्हाई ही. धूळ हाय, धूळ!" त्या कोनाड्यात बोटाने नाव लिहावं इतकी धूळ असते, पण ती सगळी अनवाणी आलेली.

या शिस्तीचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. तरुणपणी ते एका कारखान्याच्या कचेरीत होते आणि तिथे आलेल्या पहिल्या कॉम्प्युटरवर त्यांची नेमणूक झाली. त्या कॉम्प्युटरला स्वतंत्र खोली होती, काचेचं दार होतं, पडदे होते, आणि साहेबांच्याही डोक्यावर नुसता पंखा गरगरत होता तेव्हा त्याला एसी होता. मे महिन्यात निम्मी कचेरी कॉम्प्युटर शिकण्याची तळमळ घेऊन त्या खोलीत येऊन बसायची आणि जूनमध्ये ती तळमळ ओसरायची. पापडाएवढ्या फ्लॉपीत पगारपत्रक भरायचं, बटण दाबायचं, बाहेर येऊन चपला घालायच्या, टपरीवर चहा घ्यायचा, परत येऊन चपला काढायच्या, तरी काळ्या पडद्यावर हिरवी रेघ लुकलुकतच असायची. तेवढ्यात लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. साडू हे सगळं अशा काही अभिमानाने सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, चंद्रावर माणूस उतरवायचं काम यांच्याकडेच होतं. "तसले हजार कॉम्प्युटर या साबनाच्या डबीत मावतेत," असं ते म्हणतात. मग हा हजार कॉम्प्युटरांचा ऐवज त्यांच्या घरी करतो काय? माठातलं पाणी किती गार आहे ते सांगतो.

तशा पाच डब्या त्यांच्याकडे आहेत. पट्ट्या ते पोस्टाने मागवतात आणि मुलगी सासरी पोचली का म्हणून विचारावं तशी पार्सलची चौकशी करतात. एक डबी माठाला, एक चिमण्यांच्या घरट्यावर नजर ठेवायला, एक जुनी भीमगीतं वाजवायला. चौथी स्वयंपाकघरात दुधावर बसवली होती. ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, विचारलं, "हे दूध उतू जायच्या आधी सांगतंय का नंतर?" साडू म्हणाले, "सध्या नंतर सांगायलंय. पन अचूक सांगायलंय." एका भीमजयंतीला बुद्धविहारावरची रोषणाई त्यांनी यातल्याच एका पट्टीच्या हवाली केली: अंधार पडला की दिवे आपोआप लागायचे, उजाडलं की विझायचे. संध्याकाळी दिवे झगमगले, टाळ्या झाल्या. मग व्हिडिओवाल्याने वक्त्यांच्या तोंडावर आपला मोठा दिवा पाडला, त्याचा उजेड साडूंच्या पट्टीवर गेला, तिला वाटलं सूर्य उगवला, आणि तिने अख्खा विहार विझवला. लोक ओरडत होते आणि साडू मला कानात सांगत होते, "बघा, किती हुशार हाय!"

पाचव्या डबीची गोष्ट मात्र थट्टेची नाही. निदान ताईंसाठी नव्हती. आमच्या भागात नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं. येणार हे नक्की, कधी येणार हे कुणाला ठाऊक नाही. ताई येलदरीच्या. माहेरी घरामागे धरण, आणि सासरी सारा जन्म नळाच्या तोंडाकडे बघण्यात गेला. नळाला येतं तेही त्यांच्या माहेरचंच पाणी, ते येतं आणि यांना मात्र तिकडे जाता येत नाही. गेल्या तरी एक मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परत. मागे एकदा त्या तीन दिवस राहिल्या, तेव्हा इकडे पाणी आलं, दोन तास वाहिलं, सगळ्या गल्लीने भरून घेतलं, आणि साडू कोनाड्यात चिमण्यांची अंडी मोजत बसले होते. पुढचे नऊ दिवस त्या घराने आमच्या टाकीवर काढले. तेव्हापासून ताईंनी माहेरचं नाव काढणं सोडलं. त्यांची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, नव्वदीला टेकलेली, डोळ्यांनी अधू. प्रत्येक फोनवर एकच विचारायची, "राहायला कधी येतीस बाई?" हे साडूंच्या मनाला लागलं असावं. एके दिवशी त्यांनी जाहीर केलं, "या उन्हाळ्यात तुला आठ दिवस माहेरी धाडतो. पान्याची फिकीर करू नको." ताई म्हणाल्या, "तुमी बघनार असाल तर मी जात न्हाई. मशीन बघनार असंल तर इचार करते."

पहिल्या प्रयोगात साडूंनी मशीनला कान, म्हणजे माइक, दिला. नळाला पाण्याआधी हवा येते, तिचा फुसफुस आवाज त्यांनी मशीनला शिकवला, आणि तो ऐकू आला की साडूंच्याच आवाजात कर्ण्यावरून आरोळी जायची: "पानी आलंय, पानी आलंय!" दुसऱ्याच दिवशी दुपारी शेजारच्या घरात कुकरची वाफ सुटली. आरोळी झाली. गल्लीतल्या बाया पाइप, बादल्या, हंडे घेऊन धावल्या, एक आजी तर तोंडाला साबण लावलेल्या नातवाला काखेत घेऊन आल्या, आणि सगळ्या कोरड्या नळांपुढे उभ्या राहिल्या. साडूंना त्या दिवशी जे ऐकावं लागलं ते मी लिहीत नाही. पण ते हटले नाहीत. कान काढून त्यांनी पाइपातच तार बसवली. पाणी तारेला लागलं की मोटर सुरू, टाकी भरली की मोटर बंद. दोन वेळा पाणी आलं, दोन्ही वेळा ताईंनी कमरेवर हात ठेवून पहारा केला, आणि मशीन चुकलं नाही. त्यानंतर तिसऱ्या दिवशी त्या पिशवी भरून येलदरीला गेल्या.

त्या गेल्यावर पाचव्या दिवशी सकाळी पाणी आलं. मोटर लागली, टाकी भरली, मोटर थांबली, आणि ताईंच्या मोबाइलवर आपोआप निरोप गेला. ताईंचा उत्तराचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. "लय झाक झालं की वो! मग आता मी अजून आठ दिवस राहते. आई सोडंना." साडूंनी सगळ्याची तजवीज केली होती, फक्त याची केली नव्हती. "राहा की," म्हणाले, आणि फोन ठेवून बराच वेळ टाकीकडे बघत बसले.

नंतर त्यांचं काहीतरी बिनसलं. दिवसातून तीन वेळा मला फोन करून ते माठाचं तापमान सांगू लागले. दूध उतू जायचं, मशीन बोंबलायचं, आणि त्यांना बोल लावायला घरात कुणी नसायचं. जेवायला आमच्याकडे यायचे, पण मान खाली घालून. दहाव्या दिवशी मला ताईंचा फोन आला. "जय भीम, भावजी. तुमचे साडू म्हनायलेत मशीन बंद पडलंय, टाकी कोरडी हाय. जरा बघून या बरं."

मी गेलो. टाकीत पाणी भरपूर. डबीतला हिरवा दिवा लुकलुकतोय. साडू पायरीवर बसलेले. मी म्हटलं, "बंद कुठं हाय?"

"बंद न्हाई," साडू म्हणाले, "पन पडू शकतंय."

इतक्या वर्षांत या माणसाच्या तोंडून कॉम्प्युटरची बदनामी मी पहिल्यांदा ऐकली. तिकडे त्या माउलीला कधी नव्हे ते माहेर मिळालेलं, आणि इकडे हे असे. दोघांचंही वाईट वाटलं. शेवटी त्यांच्यासमोरच फोन लावला आणि खरं तेच सांगितलं, "ताई, मशीन चालू हाय. टाकीत पानी भरपूर हाय. साडूभाऊंनी तीन दिवस दाढी केली न्हाई."

ताईंनी विचारलं, "जेवायलेत का?"

"जेवायलेत. बोलंनात."

"उद्या येते म्हना. आन पुढच्या म्हैन्यात पुन्हा जानार हाय, तेबी सांगा."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मी जिंतूर रोडने चाललो होतो, तर कोपऱ्यावर टपरीशेजारी साडू उभे. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट. विचारलं, ताई कितीला येणार? म्हणाले, "जीप भरली की निघते म्हनली. आता जीप कधी भरंल ते कोनतं मशीन सांगनार? म्हनून नऊपासून उभा हाय." मीही थांबलो. आमचे तीन चहा झाले. दीडच्या पुढे ताई उतरल्या, एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात आईने दिलेले मासे. साडूंनी दोन्ही पिशव्या घेतल्या. ताईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "मशीन बंद पडलं म्हनं?"

"पडलं होतं," साडू म्हणाले. "आता झालं चालू."

आणि ती दोघं उन्हातून घराकडे चालू लागली, मासे कसे करायचे यावर वाद घालत. मी टपरीवरच राहिलो. आमच्या घरात असली एकही डबी नाही, घर कसं अगदी शहाण्या माणसाचं आहे. पण बायको माहेरून यायची म्हणून मी कधी कुठल्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलेलो नाही, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा जाणवलं.